गजकर्ण हटत का नाही

वीस वर्षांपूर्वी गजकर्णासाठी कोणी घाईने दवाखाना गाठत नसे. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली किंवा पाठीवर गोल चट्टा उठायचा, कडेला लाल आणि मध्ये कोरडा. दोन आठवडे मलम लावले, फार तर सोबत गोळ्या घेतल्या, की तो जायचा. आज अकोल्याच्या जठारपेठेत, रणपिसे नगरात किंवा गोरक्षण रोडवर राहणाऱ्या एखाद्याला गजकर्ण झाले, तर ते महिनोन्‌महिने मुक्काम करू शकते, घरातल्या चौघांना लागू शकते आणि गेले असे वाटल्यावर पुन्हा उगवू शकते. हे दुखणे एकट्या अकोल्याचे नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हाच अनुभव नोंदवला आहे आणि त्यामागची बुरशी आता जपानपासून अमेरिकेपर्यंत सापडली आहे. तिचे घराणे मुळात जनावरांच्या अंगावर वाढणाऱ्या बुरश्यांचे आहे. तिचा हट्टीपणा मात्र आपल्या हातून घडला, आणि माणूस, जनावर, शेत यांच्या औषधांचा विचार तीन वेगळ्या कचेऱ्यांत होत राहील तोवर तो कमी होणार नाही, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी आधी या बुरशीचे कुळ पाहावे लागेल.

कातडीचा वरचा मेलेला थर, केस, नखे, शिंगे आणि खूर हे सगळे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. फार थोड्या सजीवांना ते पचते, आणि गजकर्णाच्या बुरश्या त्यांपैकी आहेत. त्यांची घरे तीन. काही मातीत राहतात. नॅनिझिया जिप्सिया ही त्यांतली ओळखीची. काही जनावरांच्या अंगावर राहतात: ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम गुरांच्या, मायक्रोस्पोरम कॅनिस मांजरी-कुत्र्यांच्या, ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस उंदीर, ससे आणि गिनीपिग यांच्या. काहींनी माणसालाच कायमचे घर केले आहे, आणि त्यांत ट्रायकोफायटॉन रुब्रम सर्वांत यशस्वी ठरली. गोठा असलेल्या कोणालाही वासराचे गजकर्ण सांगावे लागत नाही. डोळ्यांभोवती, कानांवर, मानेवर राखाडी जाड खपल्या धरतात, केस झडतात, आणि बहुतेक वासरे दोन-चार महिन्यांत आपोआप बरी होतात. पण त्या काळात खपल्यांतून सुटलेले बीजकण गव्हाणीवर, दाव्यावर, खुंट्यावर आणि भिंतीवर बसतात आणि कोरड्या गोठ्यात वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. धार काढणाऱ्याच्या मनगटावर किंवा वासराच्या गळ्यात हात टाकणाऱ्या मुलाच्या मानेवर चट्टा उठतो तो तिथून. मांजरीचे तर आणखी अवघड असते. लांब केसांच्या, दिसायला निरोगी मांजरीच्या अंगावर मायक्रोस्पोरम कॅनिस काहीही लक्षण न दाखवता राहू शकते, आणि घरातल्या मुलाच्या डोक्यात चाई पडली की मगच तिच्याकडे लक्ष जाते.

जनावराची बुरशी माणसाच्या अंगावर आली की कातडी जोरात चिडते. सूज येते, पू होतो, कधी डोक्यावर गळवासारखा फुगवटा येतो. शरीराला ती अनोळखी असते म्हणून प्रतिकार जोरात होतो, आणि त्या जोरामुळेच ती बरेचदा लवकर हटते व एका माणसाकडून दुसऱ्याकडे फारशी जात नाही. माणसाला सरावलेली बुरशी उलट वागते. ती गुपचूप, मंद आणि वर्षानुवर्षे राहते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण आजच्या हट्टी गजकर्णाने तो पुसून टाकला आहे.

माणसाचा आणि जनावराचा हा आजार एकच आहे, हे वैद्यकाला जुन्या काळापासून माहीत होते. डोक्यावरच्या एका चिवट रोगात बुरशी असते हे डेव्हिड ग्रुबी यांनी पॅरिसमध्ये १८४१ साली दाखवले. पुढे शंभराहून अधिक वर्षे मलमांवर आणि गंधकावर काम भागवले गेले. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळे काढले गेले होते, पण ते पोटातून दिले तर गजकर्ण बरे करते हे १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी गिनीपिगांवर सिद्ध केले. लगेच ते माणसांना दिले जाऊ लागले. म्हणजे गजकर्णावरच्या पहिल्या परिणामकारक गोळीचा पुरावा जनावराच्या कातडीवरून आला. नंतर तज्ज्ञांच्या वाटा फुटल्या. माणसाचा त्वचारोगतज्ज्ञ, जनावरांचा डॉक्टर आणि पिकांचा रोगशास्त्रज्ञ एकमेकांची नियतकालिकेही सहसा वाचत नाहीत.

१९९० च्या दशकात टर्बिनाफिन आले आणि काम सोपे झाले. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो. तो बनवण्याच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर काम करते, आणि टर्बिनाफिन त्या विकराला चिकटून त्याचे काम बंद पाडते. एर्गोस्टेरॉल बनत नाही, स्क्वालीन साचते आणि बुरशी मरते. माणसाच्या पेशींतल्या तशाच विकराला ते फारसे चिकटत नाही, म्हणून औषध तुलनेने सुरक्षित. पण या विकराच्या जनुकात एक अक्षर बदलले, विकरातला ३९७ वा अमिनो आम्लाचा मणी फेनिलअ‍ॅलनिनऐवजी ल्युसिन झाला, की औषधाला चिकटायला जागा उरत नाही आणि बुरशीचे काम मात्र चालू राहते. ३९३ व्या जागी होणारा बदलही तसाच घातक. असा पहिला प्रतिकार २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या ट्रायकोफायटॉन रुब्रममध्ये नोंदला गेला. त्या वेळी ती अपवादात्मक घटना वाटली, आणि तेव्हा ती खरोखरच अपवादात्मक होती.

भारतात ती अपवादात्मक राहिली नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की त्यांनी तपासलेल्या ट्रायकोफायटॉनच्या नमुन्यांपैकी सुमारे एक तृतीयांश टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. २०२० मध्ये देशातल्या अनेक ठिकाणांहून गोळा केलेल्या नमुन्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास निघाले. एकेकाळी बहुतेक रुग्णांत सापडणारी ट्रायकोफायटॉन रुब्रम मागे पडली होती आणि तिची जागा मेंटाग्रोफायटिस कुळातल्या एका वंशाने घेतली होती, म्हणजे ज्या कुळाचे मूळ घर उंदीर-सशांच्या अंगावर आहे त्या कुळाने. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून या वंशाला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. या वंशात जनावरी बुरशीचा जोर आहे, चट्टे मोठे, खाज भयंकर. आणि माणसाला सरावलेल्या बुरशीसारखे माणसाकडून माणसाकडे पसरणेही आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन महिलांत ती सापडली, तेव्हा त्यांतली एक अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती.

निसर्गात असे अक्षरबदल होतच असतात. कोट्यवधी पेशींतल्या एखादीत चुकून तो होतो आणि औषध नसेल तर त्या पेशीला काही विशेष फायदा नसतो. औषध आले की बाकीच्या मरतात आणि तीच उरते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बीटी कपाशीने काही वर्षे बोंडअळी रोखली, कडेला लावायचे बिगर-बीटी बियाणे बहुतेक शेतांत पेरलेच गेले नाही, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी आतून पोखरली. अळी बदलली ती आपण तिच्यावर सतत एकच मारा केला आणि जगायला वेगळी वाट ठेवली नाही म्हणून. माणसाच्या कातडीवर गेल्या दोन दशकांत हेच झाले. फरक इतकाच की इथे मारा अर्धवट होता, आणि अर्धवट मारा प्रतिकाराला जास्तच सोयीचा असतो.

या अर्धवट माऱ्याचे मुख्य हत्यार म्हणजे तीन-चार औषधे एकत्र असलेली मलमाची ट्यूब. तिच्यात एक बुरशीनाशक, एक-दोन प्रतिजैविके आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टिरॉइड असते. ट्यूब औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, स्वस्त असते आणि लावल्यावर एका रात्रीत खाज थांबते. खाज थांबते ती स्टिरॉइडने. खाज, लाली, सूज ही शरीराच्या प्रतिकाराची लक्षणे आहेत. स्टिरॉइड तो प्रतिकार झोपवते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. माणसाला वाटते बरे वाटले, तो मलम थांबवतो, आठ दिवसांत चट्टा दुप्पट होऊन परततो, मग पुन्हा तीच ट्यूब. दरम्यान बुरशीनाशकाची मात्रा मारण्याइतकी कधीच होत नाही, निवड करण्याइतकी मात्र होते. चट्ट्याची नेहमीची गोल कड पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळख पटवणे कठीण जाते. जांघेत कातडी पातळ होऊन तिच्यावर गर्भवतीच्या पोटावर असतात तशा रेषा पडतात, आणि त्या आयुष्यभर राहतात. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये कातडीवर लावायची चौदा स्टिरॉइडे परिशिष्ट एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. नियम झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर तो पोहोचवायचे काम अजून बाकी आहे, कारण खाजेने रात्रभर जागलेला माणूस सकाळी डॉक्टरांकडे जाण्याआधी काउंटरशीच उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल की दोष मलमाचा कशाला, हवामानाचा आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मग पावसाळ्यात अंग दिवसभर ओलसर राहते. शहराला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते आणि ते रोज येत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणीच खारट. कपडे रोज धुतले जात नाहीत, एक टॉवेल दोघे वापरतात, तरुण मुले दमट दिवसांतही घट्ट जीन्स घालतात. हे सगळे खरे आहे आणि प्रसाराला यातून मदत होते, यात शंका नाही. पण ऊन आणि पाण्याची टंचाई वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गजकर्ण हट्टी झाले ते गेल्या दीड दशकात. शिवाय हीच बुरशी ज्या भागांत पाणी मुबलक आहे तिथेही तितकीच हट्टी आहे. हवामान बुरशी वाढवते, पसरवते. विकरातला ३९७ वा मणी बदललेल्या पेशीला राणी करण्याचे काम औषधच करू शकते.

आता खरा आक्षेप. ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जाते, प्रतिकार माणसाच्या मलमांनी घडवला, मग यात गोठ्याचा आणि मांजरीचा संबंध कुठे येतो? इंडोटिनीचे नाव देणाऱ्या शोधनिबंधातच तिला माणसाला सरावलेली म्हटले आहे, आणि आजवरचे बहुतेक नमुने माणसांचेच आहेत. आक्षेप रास्त आहे, आणि जनावरे दोषी नाहीत हे त्यातून स्पष्ट होते ते बरेच झाले. पण जनावरे दोषी नाहीत म्हणून ती या गोष्टीच्या बाहेर आहेत, असे ठरत नाही. एक म्हणजे, ज्या कुळाने एकदा उंदराच्या अंगावरून माणसाच्या अंगावर उडी घेतली, ते कुळ परत जनावरावर जाऊ शकते. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी प्राण्यांच्या अंगावर सापडल्याच्या तुरळक नोंदी आहेतही. ज्या घरात माणसाचा चट्टा सहा महिने बरा होत नाही, त्याच घरात मांजर पायाशी झोपते आणि अंगणात वासरू बांधलेले असते. दुसरे म्हणजे, पशुवैद्यकातही औषधे तीच आहेत. कुत्र्यांच्या शाम्पूत किटोकोनॅझोल, मांजरीला इट्राकोनॅझोल, आणि कुत्र्याच्या कानात घालायच्या अनेक थेंबांत बुरशीनाशक, प्रतिजैविक व स्टिरॉइड एकाच बाटलीत. पशुवैद्य तपासून देतो तेव्हा त्याला कारण असते. पण घरात उरलेली माणसाची ट्यूब वासराच्या खपल्यांवर फासणे, हे निवडीचे तेच चक्र जनावराच्या कातडीवर सुरू करणे आहे. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: आपण तिथे पाहतच नाही. माणसांच्या नमुन्यांचे आकडे निदान मोठ्या शहरांतून तरी येतात. वऱ्हाडातल्या गोठ्यातल्या वासरांच्या खपल्यांत कोणती बुरशी आहे आणि तिच्यावर कोणते औषध चालते, हे विचारण्याची रीतच नाही.

न पाहण्याची किंमत काय असते, हे दुसऱ्या बुरश्यांनी दाखवून दिले आहे. ब्राझीलमध्ये १९९८ नंतर रिओ डी जानेरोच्या गरीब वस्त्यांत स्पोरोथ्रिक्स ब्राझिलिएन्सिस ही बुरशी मांजरींच्या बोचकारण्यातून आणि चाव्यातून माणसांत पसरू लागली. काही मोजक्या रुग्णांपासून सुरू झालेली साथ हजारो माणसांवर आणि हजारो मांजरींवर पोहोचली, आणि पुढे ब्राझीलच्या इतर राज्यांत व शेजारच्या देशांत गेली. ब्राझीलहून ब्रिटनमध्ये नेलेल्या एका मांजरीकडून तिथे तिघांना ती लागली, आणि त्या तिघांत एक पशुवैद्यक होता. हा आजार आटोक्यात ठेवायचा तर मांजरींवर उपचार करावे लागतात, हे तिथल्या आरोग्य यंत्रणेला फार उशिरा पटले. आपल्याकडे कॅन्डिडा ऑरिसचे उदाहरण आहे. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलेली ही यीस्ट आज जगभरच्या अतिदक्षता विभागांत दहशत आहे, कारण तिचे अनेक वंश एकाहून अधिक प्रकारच्या बुरशीनाशकांना जुमानत नाहीत. अनुराधा चौधरी यांच्या गटाने ती २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावर शोधली, पुढच्या वर्षी साठवणुकीतल्या सफरचंदांच्या सालीवर, आणि त्यानंतर दिल्लीतल्या काही कुत्र्यांच्या कानांत. कुत्र्यांनी ती पसरवली असा याचा अर्थ मुळीच नाही. रुग्णालयातली म्हणून जिच्याकडे आपण पाहत होतो, तिला रुग्णालयाच्या भिंती नाहीत, एवढे त्यातून कळते.

इथे एक भीती बोलून दाखवायला हवी, कारण ती खोटी नाही. जनावरातून रोग येतो असे छापले की काही घरांतून मांजरीची पिल्ले रस्त्यावर सोडली जातात, मोकाट कुत्र्यांना मारण्याची मागणी होते, आणि म्हातारी गाय दारातून हलते. मूर्तिजापूरला गाडगेबाबांनी उभे केलेले गोरक्षण या जिल्ह्यातच आहे. झाडू घेऊन गाव साफ करणाऱ्या त्या माणसाला गोठा आणि माणसाचे घर यांच्या स्वच्छतेत भेद वाटला नाही. जनावर सोडून दिल्याने बुरशी जात नाही, ती रस्त्यावर जाते आणि तिथे कोणी उपचार करत नाही. उलट जनावराचा उपचार केला तर माणूसही वाचतो, याचा मोठा पुरावा उपलब्ध आहे. सोव्हिएत संघातल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात गुरांच्या गजकर्णाविरुद्ध जिवंत बुरशीची लस तयार केली. नॉर्वेने १९८० च्या आसपासपासून ती वासरांना टोचणे सुरू केले, आणि जिथे बहुसंख्य गोठ्यांत हा आजार होता अशा भागांतून तो काही वर्षांत जवळपास नाहीसा झाला. गुरांकडून शेतकऱ्यांना लागणारे गजकर्णही त्याबरोबर गेले. एकही गोळी न देता, एकही प्रतिकारी पेशी न निवडता. आपल्याकडे पूर्णाथडी म्हैस आणि गवळाऊ गाय या विदर्भाच्या आपल्या जाती आहेत. त्यांच्या वासरांचा हा आजार आपोआप बरा होतो म्हणून तो नगण्य मानला गेला आहे. वासरापुरते ते खरे असेल. गोठ्यात राबणाऱ्या माणसापुरते ते खरे नाही.

शेताबद्दल मात्र जपून बोलले पाहिजे. टर्बिनाफिन पिकांवर फवारले जात नाही, त्यामुळे फवारणीने गजकर्ण हट्टी झाले असे म्हणणे चूक ठरेल. गोष्ट दुसऱ्या औषधगटाची आहे. इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही माणसाची औषधे अ‍ॅझोल गटातली, आणि सोयाबीन, तूर, संत्र्यावर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल हीसुद्धा त्याच गटातली. बुरशीच्या पेशीत ती एकाच विकरावर काम करतात. फुप्फुसात शिरणाऱ्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीत नेदरलँड्समध्ये असा प्रतिकार सापडला, तोही अ‍ॅझोलचे औषध कधी न घेतलेल्या रुग्णांत, म्हणजे तो शेतातून आला होता. भारतातही त्याच जनुकबदलाच्या अ‍ॅस्परजिलस सापडल्या आहेत. आता टर्बिनाफिन निकामी झाल्यावर त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात मुख्य औषध उरले ते इट्राकोनॅझोल, आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनीच्या काही वंशांनी अ‍ॅझोलच्या विकराच्या जनुकाच्या जास्त प्रती करून त्यालाही तोंड द्यायला सुरुवात केली आहे. बांधावरच्या मातीत, गोठ्याच्या शेणात आणि घरातल्या चादरीवर या गटाचे दडपण एकाच वेळी पडते. या साखळीचा प्रत्येक दुवा सिद्ध झालेला नाही. पण ती तपासण्याइतके कारण नक्कीच आहे, आणि तपासायला अकोल्याइतके सोयीचे शहर विदर्भात शोधून सापडणार नाही.

हा सगळा खटाटोप एका कातडीच्या रोगासाठी कशाला, असेही विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरश्यांची पहिली यादी काढली, त्यात एकोणीस नावे आहेत. कॅन्डिडा ऑरिस आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात. गजकर्णाची बुरशी यादीत नाही, कारण तिने माणूस मरत नाही. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात डोळे आणि जीव घेतले, त्यापुढे गजकर्ण किरकोळच दिसते. मला ही तुलना पटत नाही. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला जांघेतली खाज दिवसभर सहन करावी लागते आणि ती कोणाला सांगताही येत नाही. महिना-दोन महिने चालणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलचा खर्च मजुरीतून काढावा लागतो. त्या कॅप्सूलचा दर्जाही कंपनीगणिक बदलतो, हृदय कमकुवत असलेल्यांना आणि काही इतर औषधे घेणाऱ्यांना ती देता येत नाही. खर्च झेपला नाही की उपचार अर्धा राहतो, आणि अर्धा उपचार पुन्हा तेच काम करतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या हातावरचा चट्टा कोडाचा किंवा कुष्ठाचा तर नाही ना, या शंकेने घरे हवालदिल होतात. मरण येत नाही म्हणून ज्या आजाराला कोणी मोजत नाही, त्यातच औषधे निकामी होण्याला सर्वांत मोकळी वाट मिळते, कारण थांबवायला कोणी उभेच नसते.

नवे औषध येईल आणि प्रश्न सुटेल, ही आशाही फार धरू नये. बुरशीची पेशी जिवाणूच्या पेशीपेक्षा माणसाच्या पेशीच्या कितीतरी जवळची असते. तिला मारेल आणि माणसाला सांभाळेल असे लक्ष्य सापडणे म्हणून अवघड जाते, आणि म्हणूनच बुरशीनाशकांचे गट बोटांवर मोजण्याइतके आहेत.

अकोल्यात काय करता येईल, ते आता सांगतो. या एका शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. नागपुरात राष्ट्रीय एकात्म आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे रोग एकत्र अभ्यासणे हाच तिचा हेतू आहे. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे वाढवलेले नमुने ओळखीसाठी पाठवता येतात. पहिल्या पायरीला मोठे यंत्र लागत नाही. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडायची, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते पाहायचे. काही मिनिटांचे आणि थोड्या पैशांचे काम. खपलीचा उरलेला भाग साबुरो यांच्या माध्यमावर दोन ते चार आठवडे वाढवायचा. स्टिरॉइडची ट्यूब लिहिण्याआधी ही काचपट्टी पाहिली गेली, तरी तिचा वापर निम्म्यावर येईल असे मला वाटते, कारण बुरशी डोळ्यांनी दिसल्यावर स्टिरॉइड लिहायला हात धजत नाही.

त्यानंतरचे काम जोडणीचे. त्वचारोग विभागात हट्टी गजकर्णाचा रुग्ण आला की त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: आधी कोणती ट्यूब लावली, घरात आणखी कोणाला आहे, आणि घरी किंवा कामावर कोणते जनावर आहे. जनावर असेल तर पशुवैद्यक संस्थेतून त्याच्या केसांचा आणि खपल्यांचा नमुना घ्यावा, अगदी जनावर निरोगी दिसत असले तरी. मांजरीसाठी नव्या दात घासायच्या ब्रशने अंगभर फणी करून तो ब्रश माध्यमावर दाबणे ही जुनी आणि साधी पद्धत आहे. दोन्ही नमुन्यांतल्या बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज जनुकात ३९३ आणि ३९७ या जागा तपासाव्यात. कृषी विद्यापीठाने त्याच गावांतल्या फवारणीच्या नोंदी आणि गोठ्याजवळच्या मातीचे नमुने त्यात घालावेत. सुरुवातीला जठारपेठ-उमरीसारखा शहरी भाग, खारपाणपट्ट्यातले एखादे गाव आणि एखादे गोरक्षण एवढे पुरे, आणि काळ जून ते ऑक्टोबर, म्हणजे पावसाळ्यात बुरशी जोरात असते तेव्हापासून कापूस वेचणी सुरू होईपर्यंत. घरच्यांसाठी सूचना याच पाहणीतून द्याव्यात: सगळ्या बाधितांचा उपचार एकाच वेळी, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेले, वासराला बाकीच्यांपासून दूर बांधणे, खपल्या गोळा करून जाळणे, गव्हाण आणि खुंटा जंतुनाशकाने धुणे, वासराला हात लावल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुणे. हे लिहून द्यायला एक पान पुरते, आणि ते पान औषधाच्या दुकानाच्या काउंटरवरही ठेवता येईल.